विश्वासू तक्रारदार

माझे साडू रोज सकाळी चहा आणि आंघोळ यांच्या मधल्या वेळात तक्रारी करतात. शेजाऱ्यांच्या किंवा तब्येतीच्या नव्हे. तसल्या तक्रारी आम्ही बाकीचे नातेवाईक करतो. साडूभाऊ स्पॅम मेलच्या तक्रारी करतात. असल्या मेल सगळ्यांनाच येतात. परदेशातल्या कुणा मयत माणसाने इस्टेट आपल्या नावावर केलेली असते, वजन झोपेत उतरणार असतं, टक्कल रविवारपर्यंत झाकलं जाणार असतं. आपण त्या पुसतो आणि कामाला लागतो. साडूभाऊ पुसत नाहीत. पुसणं म्हणजे त्यांच्या मते खोटं वजन दिसल्यावर मुकाट्याने शेजारच्या दुकानात जाणं.

त्यांना असं बोलायचा हक्क आहे, कारण नोकरीची सगळी वर्षं ते वजनमापे निरीक्षक होते. बाजारात त्यांची पावलं वाजली की तराजू आपोआप सरळ होत, असं ताई सांगतात. ताई म्हणजे माझी थोरली मेव्हणी. पावलं ओळखू येत, कारण साडूभाऊंचा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड आहे. लहानपणी हाड मोडलं, आणि ज्याने ते बसवलं त्याला मापाची फारशी आवड नव्हती. एक पाऊल पडतं, मग जरा थांबून दुसरं. डाव्या बुटात ते पुठ्ठ्याच्या घड्या घालत. दबल्या की नव्या. गावभरची मापं सरळ करणाऱ्या माणसाने स्वतःचं माप मात्र पुठ्ठ्यावर निभावलं.

निवृत्तीनंतर आमच्यातले काही जण बागकाम करू लागले, काही जण राजकारणावर बोलू लागले. साडूभाऊंनी आपली नोकरीच पुढे चालू ठेवली, फक्त बाजार बदलला.

त्यांची पद्धत अशी. मेल कोणी पाठवली हे शोधण्यात अर्थ नसतो. पाठवणाऱ्याचं नाव खोटं आणि पत्ता तिसऱ्याच कुणाचा तरी असतो. पण मेलला काहीतरी विकायचं असतं, म्हणजे तिच्यात कुठल्यातरी वेबसाइटची लिंक असतेच.

"चोर तोंड लपवेल, मास्तर," ते मला म्हणाले होते, "पण दुकान लपवून कसं चालेल? गिऱ्हाईक यायला हवं ना!"

मला ते मास्तर म्हणतात. मी जन्मात कधी शिकवलेलं नाही, पाठ्यपुस्तकं तपासतो. पण निरीक्षकाने एकदा शेरा मारला की तो बदलत नाही.

तर ती वेबसाइट कुठल्यातरी कंपनीच्या यंत्रावर भाड्याने जागा घेऊन बसलेली असते. साडूभाऊ तो जागामालक हुडकतात आणि त्याला कळवतात, की तुमच्या जागेत हा भाडेकरू असले उद्योग करतो. मालक बरा असला तर दुकान बंद होतं. दुपारपर्यंत तेच दुकान दुसऱ्या मालकाकडे, दुसऱ्या पाटीखाली उघडतं. साडूभाऊ पाठोपाठ तिथे हजर.

"मग उपयोग काय झाला?" मी विचारलं होतं.

"त्याला सामान हलवावं लागलं की नाही?"

हमालाचा विचार करता मुद्दा बरोबर होता.

त्यांचे नियम दोन. एक, लिंक कधी उघडायची नाही. आपण उघडली की पलीकडच्याला कळतं, इथे कोणीतरी जिवंत आहे. दोन, मजकूर कधी वाचायचा नाही. "दुकानदाराचं रडगाणं ऐकत बसलं की काटा बघायचा राहून जातो." म्हणून ते मेल मूळ रूपात बघतात. त्या रूपात मराठीसुद्धा मराठी दिसत नाही, नुसता अक्षरा-आकड्यांचा गुंता दिसतो. त्यातून मेलचा प्रवास आणि लिंक एवढंच ते उचलतात. तक्रारीच्या शेवटी नोकरीतलं एक वाक्य टाकतात: सबब ऐकून घेतली जाणार नाही.

या तक्रारी गोळा करणारी एक संस्था आहे. तिने वर्षभरापूर्वी साडूभाऊंना 'विश्वासू तक्रारदार' असा दर्जा दिला. म्हणजे इतरांच्या तक्रारी आधी तपासल्या जातात. यांची थेट जागामालकाकडे जाते आणि मालक आधी दुकान बंद करतो, मग विचार करतो. दर्जा दिल्याची मेल साडूभाऊंनी छापून घेतली आणि ताईंनी ती फ्रिजवर, गॅसवाल्याच्या नंबरशेजारी लावली. निवृत्तीच्या समारंभात मिळालेलं घड्याळ अजून खोक्यात आहे.

हे सगळं नीट चाललं होतं. मग एका बुधवारी सकाळी ताईंचा फोन आला.

"तुम्ही आत्ताच्या आत्ता या. खारू आलीये."

खारू म्हणजे त्यांची मुलगी. लहानपणी मिळेल ती वस्तू खिशात साठवायची म्हणून खारू. आता ती तिशी ओलांडलेली बाई आहे, पण नाव सुटलेलं नाही. ती आली यात फोन करण्यासारखं काय, असं बाहेरच्याला वाटेल. पण ती दोन वर्षांत कामाच्या दिवशी या घरी आलेली नव्हती, आणि सुट्टीच्या दिवशी आली तरी बापाशी बोलत नव्हती.

दोन वर्षांपूर्वी तिने विमा कंपनीतली, पेन्शन असलेली नोकरी सोडली आणि एका म्हाताऱ्या कारागिराकडे बूट शिवायला शिकू लागली. साधे बूट नव्हेत. पाय आखूड, तळवा वाकडा, टाच नाही, अशा माणसांसाठी त्या त्या पायाचं माप घेऊन केलेले बूट. त्या दिवशी साडूभाऊ एकच वाक्य बोलले होते: "एवढं शिकून आता लोकांच्या पायाशी बसणार?" त्यानंतर बापलेक जे काही बोलायचे ते ताईंमार्फत. एकाच टेबलावर बसून "आई, यांना मीठ हवंय का विचार" असं चालायचं. ताई म्हणजे घरातलं टेलिफोन एक्स्चेंज झाल्या होत्या.

मी पोचलो तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर खारूचा लॅपटॉप उघडा होता. पडद्यावर पांढरं पान आणि त्यावर एक ओळ: तक्रारीमुळे ही वेबसाइट बंद ठेवण्यात आली आहे.

"काका, तुम्हीच विचारा यांना," खारू म्हणाली. तिच्या बोटांना सरसाचे डाग होते. "माझं दुकान बंद पाडून यांना काय मिळालं?"

"तिला सांगा," साडूभाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी तिच्या दुकानाकडे फिरकलेलोसुद्धा नाही."

"अगं, काहीतरी चूक झाली असेल," मी म्हणालो. मध्यस्थाने पहिल्यांदा हेच म्हणायचं असतं. "इतकी सुंदर साइट होती तुझी."

"काका, माझ्या मेलला तुम्ही 'अप्रतिम साइट' असं उत्तर पाठवलंत. साइटवर कोण येऊन गेलं ते मला दिसतं. नातेवाइकांपैकी एकजणही आलेला नाही."

मी ताईंकडे पाणी मागितलं.

खारूने दुसरं पान उघडलं. जागामालक कंपनीने तिला तक्रारीची प्रत पाठवली होती. वरचं नाव काळ्या पट्टीने झाकलेलं. खाली मेल कुठून कशी आली त्याचा चोख तपशील. आणि शेवटी: सबब ऐकून घेतली जाणार नाही.

"नाव झाकलंय," खारू म्हणाली. "सही झाकायची राहिली."

साडूभाऊंनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. मग आतल्या खोलीत गेले. एक पाऊल, जरा थांबून दुसरं. आम्ही तिघं पावलं ऐकत बसलो.

तेवढ्यात खारूने मला काय पणाला लागलंय ते सांगितलं. मोठ्या सरकारी रुग्णालयाचा अस्थिरोग विभाग आपल्या रुग्णांना बुटांसाठी कोणाकडे पाठवायचं हे शुक्रवारी ठरवणार होता. तीन-चार कारागीर यादीत होते. समितीने सांगितलं होतं, कोणी भेटायला येऊ नका, आम्ही बैठकीत प्रत्येकाची वेबसाइट बघू. हे काम मिळालं तर तिच्या कारखान्याची जागा राहणार होती. नाही तर महिनाअखेर ती जागा सोडून परत विम्याकडे, तेही त्यांनी घेतली तर.

"आणि शुक्रवारी त्यांना हे दिसणार," तिने पांढऱ्या पानाकडे बोट केलं. "तक्रारीमुळे बंद. म्हणजे मी कुणाचा तरी पाय कापला असंच वाटेल."

साडूभाऊ परत आले. "मंगळवारची मेल आहे," ते टेबलाला उद्देशून म्हणाले. "न मागता आलेली. एकगठ्ठा पाठवलेली. 'नको असल्यास कळवा' ही ओळ नाही. पाठवणारी एजन्सी नामचीन, तिच्याविरुद्ध माझ्याच कितीतरी तक्रारी आहेत. तक्रार नियमाला धरून आहे."

"अहो!" ताई म्हणाल्या.

"स्वस्तातली होती म्हणून ती एजन्सी घेतली," खारू म्हणाली. "आई, पण यांनी निदान विषयाची ओळ तरी वाचायची!"

"काय होती?" मी विचारलं.

खारू जराशी अडखळली. "'फक्त दोन सेंटिमीटर तुमचं आयुष्य बदलू शकतात.' लाल अक्षरांत."

साडूभाऊंना वर्षानुवर्षं रोज या आशयाच्या मेल येत होत्या आणि त्यातली एकही बुटांविषयी नव्हती.

"ती ओळ वाचली असती," साडूभाऊ गंभीरपणे म्हणाले, "तर मी तक्रार आणखी लवकर केली असती."

ताईंना हसू फुटलं. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण उशीर झाला होता. खारूच्याही ओठांचा कोपरा हलला. मला वाटलं, मिटलं. एवढ्यात साडूभाऊंनी बाजू आणखी भक्कम करायची म्हणून म्हटलं, "मुद्दाम कसं करीन? मला तर तिच्या दुकानाचं नावही माहीत नव्हतं."

खारूचं हसू जागच्या जागी थांबलं.

"समपाऊल," ती म्हणाली. "आईने निदान शंभरदा सांगितलं असेल. मुद्दाम केलं असतंत ना, तर बरं वाटलं असतं, बाबा."

एक्स्चेंज सोडून थेट लागलेला तो दोन वर्षांतला पहिला कॉल. साडूभाऊ खुर्चीत बसले.

खारू सकाळपासून कंपनीच्या मागे होती. चौकशी व्हायला पंधरवडा लागेल, असं उत्तर मिळालं होतं. लवकर व्हायचं असेल तर तक्रारदाराने तक्रार मागे घ्यायला हवी. मी म्हणालो, मग प्रश्नच मिटला. साडूभाऊंनी लगेच आतून आपला लॅपटॉप आणला आणि कंपनीच्या तक्रार कक्षाला लिहिलं. तिथे बसणारी व्यक्ती त्यांना पत्रांतून ओळखते. तो पुरुष आहे की बाई, तरुण की म्हातारी, हे साडूभाऊंना ठाऊक नाही. खाली नुसतं 'तक्रार कक्ष' असतं. पण कितीतरी दुकानं त्या दोघांनी मिळून बंद केली आहेत.

चहा होईपर्यंत उत्तर आलं. ते साडूभाऊंनी मोठ्याने वाचलं.

"आपण आजवर एकही तक्रार मागे घेतलेली नाही, म्हणून आश्चर्य वाटलं. आपल्यावर कोणाचा दबाव नाही ना? नियमाप्रमाणे एकच प्रश्न विचारावा लागतो. ही मेल आपल्याला हवी होती का? उत्तर 'हो' असल्यास तक्रार चुकीची धरली जाईल, वेबसाइट चालू होईल आणि आपला विश्वासू दर्जा मात्र जाईल. 'नाही' असल्यास तक्रार कायम राहील. आपल्या तब्येतीची काळजी घ्या."

"घ्या, लिहा 'हो'," मी म्हणालो.

साडूभाऊंची बोटं कळांवर होती, पण हलत नव्हती.

"अहो, दर्जा गेला तर गेला!" ताई म्हणाल्या. "फ्रिजवर दुसरं काहीतरी लावू."

"दर्जाचं नाही गं." साडूभाऊंनी बोटं मागे घेतली. "ते विचारतायत, हवी होती का. मला हवी नव्हती. तिने नोकरी सोडलेली नको होती, दुकान नको होतं, मग त्याची मेल कशी हवी असेल? वाचली असती तरी नकोच होती. मी लेखी खोटं कसं देऊ?"

ज्या माणसाने आयुष्यात कोणाच्याही तराजूवर बोट ठेवलं नाही, तो स्वतःच्या मुलीसाठीही ठेवायला तयार नव्हता. एरवी मी याचं कौतुक केलं असतं. त्या क्षणी मला त्यांच्या डोक्यात पाव किलोचं वजन घालावंसं वाटलं.

खारूने शांतपणे आपल्या लॅपटॉपची वायर गुंडाळायला घेतली. "राहू दे काका. खरं तेच बोलतायत. मी शुक्रवारी बाहेर दारात उभी राहते, फोटो घेऊन. हाकललं तर हाकललं."

ती उठली. तेव्हा साडूभाऊ तिच्याकडे न बघता म्हणाले, "काय लिहिलं होतंस त्यात?"

"तुमच्याकडेच आहे की. वाचा."

साडूभाऊंनी स्वतःचा लॅपटॉप परत जवळ घेतला. मेल उघडली आणि बराच वेळ काहीतरी शोधत राहिले. साध्या माणसांना मेल जशी दिसते तशी ती दिसण्यासाठी कुठे दाबायचं हेच ते विसरले होते. शेवटी खारूने मागून वाकून दाबलं. गुंता गेला, लाल अक्षरं आली. साडूभाऊंनी तोंड वाकडं केलं आणि ओळीखाली बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. मीही त्यांच्या खांद्यावरून वाचलं. माझ्याही दृष्टीने ते पहिलंच वाचन होतं.

वर बुटांची माहिती, माप कसं घेतात, किती दिवस लागतात. खाली छोट्या अक्षरांत: "मी लहान असताना बाबा घरी आले की जिन्यातच कळायचं. एक पाऊल, मग जरा थांबून दुसरं. मला वाटायचं, सगळ्यांचेच बाबा असे वाजतात. त्यांच्या बुटात घालायच्या पुठ्ठ्याच्या घड्या करायचं काम माझ्याकडे होतं. ती माझी पहिली नोकरी. मी बूट करायला कुठे शिकले असं लोक विचारतात, त्यांना मी माझ्या गुरूंचं नाव सांगते. पण खरी सुरुवात त्या घड्यांपासून आहे."

साडूभाऊंचं बोट शेवटच्या ओळीखाली तसंच राहिलं. फ्रिज मध्येच घरघरला आणि थांबला.

"पुठ्ठा कुठला," ते शेवटी म्हणाले. "बुटाच्या खोक्याचं झाकण असायचं ते."

"तेच ते," खारू म्हणाली.

"आणि दोन सेंटिमीटर नाही. एक पूर्णांक आठ. नोकरीला लागताना डॉक्टरांनी मोजलंय."

"तेव्हा असेल. नंतर बदलतं."

"कसं बदलेल? हाड आहे ते, भाव नाही."

"ठेवा पाय," खारू म्हणाली.

तिने स्टूल ओढलं, ताईंच्या शिवणाच्या डब्यातून टेप काढली आणि जमिनीवर बसली. साडूभाऊंच्या पायाशी. दोन वर्षांपूर्वीचं ते वाक्य आम्हा चौघांनाही आठवलं असणार. निदान ताईंनी तरी लगेच ओट्याकडे तोंड फिरवलं. खारूने मोजा उतरवला, आधी एक पाय मोजला, मग दुसरा, मग पहिला परत. साडूभाऊ ताठ बसले होते, तपासणीच्या दिवशी दुकानदार बसतात तसे.

"दोन. वर एक रेघ."

"टेप तपासलेली आहे का?"

"तुमच्याच शिक्क्याची आहे, बाबा."

साडूभाऊंनी टेपवरचा शिक्का बघितला. होता. मग त्यांनी पाय खाली घेतला, लॅपटॉप पुढे ओढला आणि टाइप करू लागले. ते एका बोटाने टाइप करतात, त्यामुळे आम्हाला शब्द उमटतील तसे वाचता आले.

"मेल मला हवी होती. आली तेव्हा हे मला माहीत नव्हतं, आज वाचल्यावर कळलं. तक्रार चुकीची धरावी. दर्जा काढून घ्यावा. दबाव नाही."

"तुमचं ते शेवटचं वाक्य राहिलं," ताई म्हणाल्या.

"आज कसं घालू?" साडूभाऊ म्हणाले. "आज माझीच सबब आहे."

आणि त्यांनी ते पाठवून दिलं.

तक्रार कक्षाचं उत्तर संध्याकाळी आलं. साइट चालू केली आहे, दर्जा रद्द झाला आहे. खाली आणखी एक ओळ होती: नियमात बसत नाही, पण मी साइट बघितली, माझ्या आईला असे बूट लागतात. गिऱ्हाईक मिळाल्याचं सांगायला साडूभाऊंनी खारूला स्वतः फोन केला. ताई म्हणाल्या, एक्स्चेंज बंद झालं, आता मला कोणी काही सांगतच नाही.

शुक्रवारी समितीने साइट बघितली. सगळं काम खारूला मिळालं असं नाही. रुग्णालयं असं काही करत नाहीत. आधी थोडे रुग्ण पाठवून बघू, असं ठरलं. जागा मात्र राहिली. फ्रिजवरचा कागद ताई काढायला गेल्या, तर साडूभाऊंनी काढू दिला नाही. त्यावर त्यांनी लाल पेनाने तिरपं 'रद्द' लिहिलं आहे आणि तारीख घातली आहे. तक्रारी ते अजून करतात, पण आता त्या सगळ्यांच्या तक्रारींसारख्या रांगेत उभ्या राहतात. करण्याआधी ते मेल वाचतात, म्हणून आंघोळीला उशीर होतो.

बूट त्यांना झाले. बेतशीर काळे, डाव्याची टाच किंचित उंच, सांगितल्याशिवाय कळणार नाही. तक्रार आहे ती ताईंची. "पूर्वी हे कुठे आहेत ते कळायचं. आता अगदी मांजरासारखे येऊन मागे उभे राहतात. दचकून परवा माझ्या हातातली बशी पडली."

गेल्या आठवड्यात समपाऊलची पुन्हा एक एकगठ्ठा मेल आली. एजन्सी बदललेली, अक्षरं काळी. मी या वेळी उघडली; उघडावीच लागते, तिला दिसतं. आत एका काळ्या बुटांच्या जोडाचा फोटो होता, घोट्याच्या वर काही नाही, पण पँटची इस्त्री ओळखीची वाटली. आणि तळाशी साडूभाऊंनी सांगून घालायला लावलेली ओळ होती: या मेल नको असल्यास कळवा.

साडूभाऊंनी अजून कळवलेलं नाही.